बाबांचा अंगठा आणि बाबांचं घोरणं

पुण्याहून एका ताईंनी वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील देवगडच्या बाजूला राहतात, वय ५६, वजन ९४ किलो, मासळी आणि बर्फाची ने-आण करणारा टेम्पो स्वतःच चालवतात. दोन वर्षांत पाच वेळा उजव्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला, दर वेळी रात्री. युरिक ऍसिड ९.२. घोरणं असं, की आई माजघर सोडून पडवीत झोपते आणि आवाज मध्येच बंद पडला की धावत येऊन त्यांना हलवते. कोल्हापूरला झोपेची तपासणी झाली, एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) ३८ आला, सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं) घेतलं, चार रात्री लावलं, आता ते कपाटात आहे. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. शेजारीपाजारी कुणी मासे सोडायला सांगतं, कुणी डाळ, कुणी टोमॅटो, कुणी कोकम. ताईंचा प्रश्न एवढाच: बाबांना जेवायला नेमकं काय द्यायचं?

ताई, जेवणाचं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे ताटातला मासा काढायचा म्हणजे माणसाच्या जिवावर येतं. पण तुमच्या बाबांच्या बाबतीत ताट तिसऱ्या नंबरावर आहे. पहिल्या नंबरावर कपाटातलं मशीन आणि दुसऱ्यावर रोजची एक गोळी, जिचा उल्लेख तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. पाच झटके येऊन गेले तरी युरिक ऍसिड उतरवणारं औषध सुरूच नाही, दुखलं की तेवढ्यापुरती पेनकिलर, असा अर्थ मी त्यातून काढतोय. चुकत असेन तर बरंच आहे.

मी सिंधुदुर्गात सव्वीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो. गाऊटचा, म्हणजे युरिक ऍसिडने सांधा धरणाऱ्या या दुखण्याचा, पेशंट दारातच ओळखू येतो: एका पायात चप्पल, दुसरी हातात. खुर्चीवर बसायच्या आधीच सांगतो, "डॉक्टर, पायार चादर पडली तरी जीव जाता." पूर्वी मी फक्त अंगठा बघायचो. आता मागे उभ्या असलेल्या वहिनींना विचारतो, घोरतात का? वहिनी हसतात किंवा जमिनीकडे बघतात, आणि पेशंट म्हणतो, "घोरतंय म्हणजे गाढ झोप लागता माका." तिथेच निम्मं निदान होतं. गाढ झोप लागणारा माणूस सकाळी अकराला माझ्या बाकावर बसल्या बसल्या पेंगत नाही.

गाऊट आणि झोपेत श्वास अडणं, म्हणजे स्लीप ऍप्निया, या दोन आजारांचा संबंध काय ते आधी बघू. युरिक ऍसिड रक्तात विरघळलेलं असतं, पण त्याला मर्यादा आहे. शरीराच्या ३७ अंश तापमानाला साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे ते नीट विरघळून राहत नाही. साखरेचा घट्ट पाक गार झाला की पातेल्याच्या कडेला खडे धरतात, तसे त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात धरतात. अंगठा हृदयापासून लांब, म्हणून शरीरातल्या गार जागांपैकी एक. शिवाय दिवसभर सगळा भार त्याच्यावर. रात्री पाय आणखी गार पडतो. आडवं झाल्यावर सांध्यात साचलेलं पाणी लवकर शोषलं जातं, युरिक ऍसिड मात्र मागे राहून घट्ट होतं. हे कुणाच्याही बाबतीत खरं आहे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्यरात्र ते सकाळी आठ या वेळात गाऊटचा झटका येण्याचा धोका दिवसाच्या सुमारे २.४ पट निघाला, दारू न घेणाऱ्यांमध्येसुद्धा.

आता यात बाबांचं घोरणं मिसळा. एएचआय ३८ म्हणजे झोपेच्या दर तासाला ३८ वेळा किमान दहा सेकंद श्वास थांबतो किंवा अगदी कमी होतो. सात तासांत २६६ वेळा. प्रत्येक वेळी रक्तातला प्राणवायू घसरतो. पेशी ज्या इंधनावर चालतात ते एटीपी तुटतं, प्राणवायू कमी असल्याने पुन्हा पुरेसं बनत नाही, आणि तुटलेल्या तुकड्यांचा शेवट युरिक ऍसिडमध्ये होतो. त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड साचून रक्त थोडं आम्लाकडे झुकतं आणि किडनी युरिक ऍसिड बाहेर टाकायला कुचराई करते. म्हणजे न खाता-पिता, नुसतं झोपून, शरीर स्वतःच माल तयार करतं.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. श्वास अडला की छातीत ओढ बसते, हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालं, आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. बाबा रात्री तीन-चार वेळा उठत असतील. वयामुळे असेल, प्रोस्टेट असेल, असं सगळे धरून चालतात. मग रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद. दिवसा टेम्पो मध्येच थांबवावा लागू नये म्हणून तेव्हाही बंद. आपल्या दमट उकाड्यात घाम तर ओततोच. रक्त घट्ट, लघवी घट्ट, आणि पहाटे तीनला अंगठा पेटतो.

ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात, स्लीप ऍप्नियाचं निदान झालेल्यांमध्ये नव्याने गाऊट होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण दीडपट दिसलं, वजनाचा हिशेब वेगळा काढूनही. पण मशीन लावलं की युरिक ऍसिड आपोआप उतरतं असं मी सांगणार नाही. त्यावरचे अभ्यास छोटे आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. बाबांना मशीन लावायला मी सांगतोय ते त्यांच्या हृदयासाठी, बीपीसाठी, आणि खरं सांगायचं तर फोंडाघाटासाठी. मासळीचा टेम्पो पहाटे निघतो. एएचआय ३८चा माणूस उपचाराशिवाय पहाटे घाट उतरतोय, ही मला अंगठ्यापेक्षा मोठी काळजी वाटते. मशीन महिनाभर नीट चालेपर्यंत पहाटेच्या फेऱ्या दुसऱ्या ड्रायव्हरकडे द्या. यात मी घासाघीस करत नाही.

मशीन कपाटात का गेलं, ते बाबांना रागावून नको, बसून विचारा. मला दिसणारी कारणं ठरलेली आहेत. मिशी झुबकेदार असेल तर पूर्ण चेहऱ्याचा मास्क बसत नाही, कडेने हवा फुसफुसते आणि डोळ्यांत जाते. नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क मिळतो, तो मागा. तोंड उघडं राहून सकाळी घसा लाकडासारखा होत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा दमटपणा वाढवणारं भांडं. "वारा अंगावर येता" अशी तक्रार असेल तर सुरुवातीला दाब कमी ठेवून हळूहळू वाढवायची सोय मशीनमध्येच असते, ती विक्रेत्याने बहुतेक चालू करून दिलेली नसते. नाक चोंदलेलं असेल तर आधी नाकाचे उपचार. आणि पहिली सवय रात्री लावायची नाही. दुपारी टीव्हीसमोर बसून अर्धा तास मास्क लावून बसवा, चार-पाच दिवस. रात्री नवीन गोष्ट झोपेच्या आड येते, दुपारी ती नुसती गंमत असते. नातवंडं असतील तर हसू द्यात.

आपल्याकडे आणखी दोन कटकटी आहेत, ज्या शहरातला डॉक्टर सांगत नाही. एक बुरशी. पावसाळ्यात नळी आणि पाण्याचं भांडं रोज धुऊन कोरडं केलं नाही तर आठवड्यात वास मारतं. भांड्यात डिस्टिल्ड पाणी घाला, विहिरीचं नको. फिल्टर समुद्रकाठच्या हवेत लवकर काळा पडतो, सांगितलेल्या मुदतीची वाट न बघता बदला. दुसरी, वीज. जून-जुलैत लाईट कधी जाईल सांगता येत नाही. इन्व्हर्टरवर मशीन आरामात चालतं. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते. माझा एक तांडेल (होडीचा प्रमुख) पेशंट होडीवर बारा व्होल्टच्या बॅटरीला अडॅप्टर लावून सीपॅप चालवायचा, खलाशी त्याला 'वैमानिक' म्हणून चिडवायचे. २०२१च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावर दिवसच्या दिवस वीज नव्हती, तेव्हा त्यालाही मशीनशिवाय झोपावं लागलं. अशा रात्रींसाठी सोपा उपाय: बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू. उताणं झालं की बोचतो, माणूस कुशीवर वळतो. कुशीवर घसा कमी मिटतो. पण ३८ला नुसता चेंडू पुरत नाही, तो अडल्या वेळचा.

मशीन बरोबर चाललंय हे ओळखायला मीटर लागत नाही. आई पडवीतून माजघरात परत आल्या की समजा.

आता गोळीकडे. इथे माझी एक जुनी चूक सांगतो, कारण तीच चूक अजून सगळीकडे होते. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका पेशंटला ऐन झटक्यात मी युरिक ऍसिड उतरवणारं ऍलोप्युरिनॉल एकदम ३०० मिलिग्रॅम सुरू केलं, सोबत संरक्षणाला काहीच नाही. युरिक ऍसिड झपाट्याने उतरायला लागलं की सांध्यात बसलेले जुने स्फटिक हलतात, सुटतात, आणि त्यांनीच झटका येतो. त्याचा एक अंगठा धरला होता, आठवड्यात दुसरा धरला, मग घोटा. त्याने गोळ्या उकिरड्यावर फेकल्या आणि कुठून तरी पुड्या आणल्या. पुडीने दोन दिवसांत उतार पडला. वर्षभराने आला तेव्हा तोंड वाटोळं झालेलं, वजन अकरा किलोने वाढलेलं, साखर तीनशेवर आणि घोरणं नव्याने सुरू. पुडीत स्टेरॉइड असणार, दुसरं काय. बिननावाच्या पुडीने इतक्या लवकर सांधा उतरत असेल तर संशय तोच घ्यायचा. तो पुडीकडे गेला त्याला कारण मीच होतो.

हे काम सावकाश करायचं असतं. ऍलोप्युरिनॉल रोज १०० मिलिग्रॅमपासून, किडनी कमजोर असेल तर ५०पासून. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त बघून वाढवत न्यायचं, युरिक ऍसिड ६च्या खाली येईपर्यंत. कानाच्या पाळीला, कोपराला गाठी धरल्या असतील तर ५च्या खाली. बऱ्याच जणांना ३०० पुरतं, काहींना जास्त लागतं. डोस आकड्यावरून ठरतो. पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम रोज, झटके येऊ नयेत म्हणून. ही गोळी आयुष्यभराची आहे, बीपीच्या गोळीसारखी. दुखणं थांबलं म्हणून बंद केली की सहा-आठ महिन्यांत गाडी मूळ जागी येते. आणि मध्येच झटका आला तरी ऍलोप्युरिनॉल थांबवायचं नाही, झटक्याचं औषध वर घ्यायचं.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, ताप, यांतलं काहीही झालं तर गोळी त्याच क्षणी बंद आणि डॉक्टरकडे. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

औषधाच्या दुकानात बरेचदा युरिक ऍसिड उतरवणारं दुसरं औषध, फेबुक्सोस्टॅट ४०, थेट हातात पडतं. औषध वाईट नाही. पण २०१८मध्ये हृदयरोग असलेल्या गाऊटच्या पेशंटवर झालेल्या मोठ्या चाचणीत ऍलोप्युरिनॉलच्या तुलनेत हृदयविकाराने झालेले मृत्यू जास्त आढळले. २०२०च्या दुसऱ्या चाचणीत तसं दिसलं नाही. स्लीप ऍप्नियाच्या माणसाचं हृदय आधीच रोज रात्री मार खात असतं, म्हणून मी ऍलोप्युरिनॉलनेच सुरू करतो. ते स्वस्तही आहे.

झटका आलाच तर पहिल्या बारा तासांत औषध पोटात गेलं पाहिजे. कोल्चिसिन १ मिलिग्रॅम, तासाभराने ०.५, आणि त्या दिवशी तेवढंच. जुलाब होईपर्यंत तासातासाला गोळी द्यायची जुनी पद्धत कधीच मोडीत निघाली, पण काही घरांत आजोबांच्या चिठ्ठीवर अजून चालते. किडनी ठीक असेल तर पेनकिलर, नसेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली चार-पाच दिवस प्रेडनिसोलोन. कोल्चिसिन घेताना खोकल्यासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन देत असेल तर आधी सांगा, दोन्ही एकत्र घातक ठरतात. आणि ऐन झटक्यात केलेला युरिक ऍसिडचा रिपोर्ट कधीकधी नॉर्मल येतो. त्यावर विसंबू नका, दोन आठवड्यांनी परत करा.

बीपीच्या गोळीतला हायड्रोक्लोरोथायझाइड हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत सोपा भाग. तो युरिक ऍसिड वाढवतो. स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. लोसार्टन असेल तर दुहेरी फायदा, तो युरिक ऍसिड थोडं उतरवतो. हृदयासाठी ऍस्पिरिनची छोटी गोळी चालू असेल तर ती मात्र तशीच राहू द्या, तिच्याने वाढणारा आकडा किरकोळ असतो. आणि "झोप लागत नाही" म्हणून रात्री अल्प्राझोलाम घेत असतील तर ते कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. त्याने घसा आणखी सैल पडतो.

आता ताट. कडक पथ्याने युरिक ऍसिड साधारण एखाद्या अंकाने उतरतं. ९.२चं ८.२ होईल, ६ होणार नाही. म्हणून पथ्यासाठी बाबांचा छळ करू नका, पण जिथे खरंच फरक पडतो तिथे ढिलाईही नको.

मासे बंद करू नका. सुरमई, पापलेट, लेपे, मुडदुशी यांच्या एक-दोन तुकड्या आठवड्यातून तीन वेळा, शक्यतो दुपारी. बांगडा आठवड्यातून एकदा, एकच. तारले, पेडवे, मांदेली असे लहान तेलकट मासे कधीतरी. तिसरे (शिंपले), कालवं, कुर्ल्या (खेकडे), सुंगटं (कोळंबी) सणासुदीला चवीपुरती. काळीज-कलेजी नाहीच. कोंबडीच्या काळजात १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर प्युरिन (ज्याचं शरीरात युरिक ऍसिड होतं) असतं, आणि जपानमध्ये गाऊटच्या पेशंटला अख्ख्या दिवसाची मर्यादा ४०० सांगतात.

आणि सुकं. आपल्याकडचा खरा गुन्हेगार हा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, लोकांना वाटतं की मासा नाही म्हणजे गाऊटलाही सुट्टी. माझ्या ओपीडीत याच दोन महिन्यांत अंगठे वाढतात. कारण फळीवरचे डबे उघडतात: सुकट, गोलमा, सुके बोंबील, खारवलेला बांगडा. मासा वाळवला की पाणी उडतं, प्युरिन मागे राहतं. वजनाला हलकं, आत सगळा माल. मूठभर सुकट म्हणजे ओल्या मासळीची ताटली. जपानी मोजणीत वाळवलेल्या छोट्या माशांमध्ये १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर प्युरिन निघालं आहे. त्यात भर मिठाची. खारा बांगडा भाजून पेजेबरोबर खाल्ला की बीपी वाढतं, पायांत पाणी धरतं, आणि तेच पाणी रात्री आडवं झाल्यावर मानेकडे सरकून घसा आतून फुगवतं. एका बांगड्याने दोन्ही दुखणी साधली. उकड्या तांदळाची पेज अवश्य द्या, तोंडी लावायला खोबऱ्याची चटणी किंवा कुळथाची पिठी द्या.

रश्शाचंही सांगतो. प्युरिन पाण्यात उतरतं. मासा शिजला की त्यातला बराच भाग तिखल्यात जातो. उकळून पाणी फेका असं पुस्तकं सांगतात, पण माशाची आमटी ओतून देणारा माणूस कोकणात अजून जन्मायचाय. तेव्हा तुकडी खाऊ द्या, आमटी एक लहान वाटी, आणि भातावर तिसऱ्यांदा डाव फिरवायचा नाही. मटणाचं सूप 'ताकदीसाठी' तर नकोच.

डाळींवरचा आरोप खोटा आहे. २००४मध्ये ४७ हजार पुरुषांचा बारा वर्षं पाठपुरावा केलेला अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. मांस आणि मासळीने गाऊट वाढला, डाळी, पालक, मश्रुम यांतल्या प्युरिनने वाढला नाही, आणि दुधा-दह्याने चक्क कमी झाला. त्यामुळे कुळीथ, मूग, चवळी, अळूचं फदफदं, सगळं चालेल. अंड्यात प्युरिन जवळजवळ नाहीच. रोज दोन भांडी पातळ ताक द्या, मीठ बेताचं.

कोकमाचा दोष फक्त एवढाच की ते आंबट आहे आणि आजाराच्या नावात 'ऍसिड' आहे. सोलकढीने काही होत नाही. टोमॅटोनेही घाबरण्यासारखं काही नाही. पण अमृत कोकम वेगळं. ते सालींच्या थरांवर साखरेचे थर देऊन करतात, म्हणजे साखरेचं पाणीच. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज, आणि यकृतात फ्रुक्टोज मोडताना तेच एटीपी खर्ची पडतं ज्याची गोष्ट वर सांगितली. कोल्ड्रिंक, उसाचा रस, डब्यातला आंब्याचा रस यांनाही हाच न्याय. गूळ-मध म्हणून सूट नाही. देवगडच्या माणसाला मे महिन्यात हापूस तोडू नका म्हणणं मला जमणार नाही. दिवसाला एक, जेवणानंतर नुसता कापून, साखर घातलेला रस नको.

दारूबद्दल दोन आजारांचं एकमत आहे. बियर सगळ्यांत वाईट, कारण तिच्यात प्युरिन आणि अल्कोहोल दोन्ही. माडीही आंबवलेलीच. काजूची, व्हिस्की वगैरे 'स्वच्छ' म्हणून लोक घेतात, पण कुठलीही दारू युरिक ऍसिड वाढवते, किडनीकडून ते अडवून ठेवते आणि घशाचे स्नायू सैल करते. गटारीला मटण, दोन बियर आणि उताणी झोप, एवढ्या सामग्रीवर दुसऱ्या दिवशी माझा फोन ठरलेला. निदान आकडा ६च्या खाली येईपर्यंत पूर्ण बंद.

पाणी दिवसभरात अडीच ते तीन लिटर, त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं. मशीन सुरू झाल्यावर रात्रीची लघवीही बहुधा कमी होईल, मग संध्याकाळचं पाणी तोडावं लागणार नाही.

वजन. दहा टक्के उतरलं तर एएचआय साधारण पाव हिश्शाने कमी होतो, असं २०००मधल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. बाबांचे नऊ किलो. पण महिन्याला दीड-दोन किलोपेक्षा घाई नको. निर्जळी उपास, कीटो, 'पंधरा दिवसांत सात किलो' यांनी युरिक ऍसिड उसळतं आणि झटका येतो. रात्रीचं जेवण आठच्या आत, भात निम्मा, एवढ्यावर सुरुवात करा. टर्झेपाटाइडची इंजेक्शनं २०२५पासून भारतात मिळतात. लठ्ठपणासोबतच्या स्लीप ऍप्नियासाठी त्यांना २०२४च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली. काम करतात, पण खर्च डोळे पांढरे करणारा आहे. मी ती पहिल्या दिवशी काढत नाही.

कुणी गुळवेलीचा काढा सुचवला असेल तर रोज मोठ्या प्रमाणात देऊ नका. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये त्याने यकृताला इजा झालेले पेशंट नोंदवले आहेत.

सांधा लाल, गरम आणि सोबत थंडी वाजून ताप असेल तर घरी कोल्चिसिन देत बसू नका. सांध्यात पू झाला असेल तर एका दिवसाचाही उशीर महागात पडतो. सुईने पाणी काढून तपासावं लागतं, त्याच दिवशी. पावसाळ्यात चिकनगुनियानेही सांधे धरतात, पण तो सहसा एकाच अंगठ्यावर थांबत नाही.

पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा बाबांना जवळच्या फिजिशियनकडे न्या. उपाशीपोटी साखर, क्रिएटिनिन, युरिक ऍसिड, यकृताच्या तपासण्या, थायरॉइड आणि पोटाची सोनोग्राफी एवढं करून घ्या. युरिक ऍसिडचे खडे किडनीतही धरतात, आणि थायरॉइड कमी असेल तर वजन व घोरणं दोन्ही त्याच्यामुळे असू शकतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, कापलेली, अर्धी, सगळी. मशीनमध्ये नखाएवढं कार्ड असतं, तेही काढून सोबत न्या. रोज किती तास लावलं ते बाबा सांगतील, पण डॉक्टरांना कार्डच वाचू द्या.